जिवंत चांदीचे गाव

पारा आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो तापात. निदान आमच्या लहानपणी तरी तो असाच भेटत असे. कपाटाच्या वरच्या खणात कापसात गुंडाळून ठेवलेली काचेची नळी आई झटकून झटकून खाली उतरवायची, काखेत ठेवायची आणि मग खिडकीपाशी नेऊन, तिरकी धरून, डोळे बारीक करून वाचायची. ती कधी हातातून निसटून फुटली, की मोठ्यांचा जीव खालीवर होई आणि आम्हा मुलांची मात्र चैन असे. फरशीवर पळणारे ते रुपेरी मणी कागदाच्या कडेने एकत्र ढकलले, की एकमेकांत शिरून त्यांचा एकच मोठा मणी होई. बोटाने दाबला की पुन्हा दहा. हे विष आहे असे बजावलेले असे. पण इतकी देखणी वस्तू विषारी कशी असेल, असे वाटून आम्ही ते फारसे मनावर घेत नसू.

आपल्या भाषेतही पारा असाच इकडेतिकडे सांडलेला आहे. वडिलांचा पारा चढतो, जुन्या आरशाचा पारा उडतो, लबाड माणूस पाऱ्यासारखा निसटतो. आपल्या रसशास्त्राने तर त्याला 'रस' हेच नाव देऊन थेट शंकराशी नेऊन भिडवले, आणि ज्या लाल खनिजातून तो निघतो त्या हिंगुळाने जुन्या पोथ्यांमधली दंडचिन्हे रंगली. इतके सगळे खरे. पण हा पारा जमिनीतून काढतो कोण, कुठे आणि काढणाऱ्याचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर स्पेनमधल्या अल्मादेन या गावात आहे. उरलेल्यातले बरेचसे स्लोव्हेनियातल्या इद्रिया नावाच्या एका चिमुकल्या गावात, एका हिरव्या नदीच्या काठी आहे. माझा भाचा शिक्षणाच्या निमित्ताने ल्युब्लियानाला राहतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने रिवाजाप्रमाणे ब्लेडचे सरोवर आणि पोस्तोइनाची गुहा दाखवली, आणि मग विचारले, "मामा, आता व्हेनिसला जाऊन येऊ या?"

"व्हेनिस कुठे पळत नाही. मला इद्रियाला ने."

"तिथे काय आहे?"

"पारा."

"तो तर आता काढत नाहीत."

"म्हणूनच."

मामाच्या डोक्याचा पारा वर गेला असावा अशा नजरेने त्याने मामीकडे पाहिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला गाडीत घालून तो निघाला हे खरे.

स्लोव्हेनिया हा देश केवढा, तर आपल्या पुणे जिल्ह्याच्या सव्वापटीहून थोडा मोठा. लोकवस्ती एकवीस लाखांच्या आसपास. राजधानीहून निघालेला माणूस तासाभरात इद्रियाला पोचतो. लोगात्सपर्यंत सरळ मोठा रस्ता, मग गोडोविच नावाचे खेडे, आणि तिथून पुढे रस्ता एकदम खाली घसरू लागतो. वळणे अशी, की आम्हाला वरंध्याच्या घाटाची आठवण झाली. फक्त इथे दोन्ही अंगांना बीच आणि सूचिपर्णी झाडांची गर्दी होती आणि रस्त्यात म्हशी नव्हत्या. घाट संपतो तिथे डोंगरांच्या ओंजळीत गाव दिसते. सपाट जमीन अशी फारच थोडी. घरे उतारांवर चढून बसली आहेत. मधून इद्रियत्सा नदी वाहते, आणि निकोवा नावाचा ओढा गावातच तिला येऊन मिळतो. गावाची वस्ती आज सहा हजारांच्या आतबाहेर आहे. आल्प्सची पायथ्याची रांग आणि कार्स्टचा चुनखडीचा प्रदेश जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्यावर हे गाव आहे, आणि याच सांध्यात, जमिनीखाली, कोट्यवधी वर्षांपूर्वी पारा येऊन बसला.

गावाच्या नावाविषयी एक शब्द. इद्रिया म्हणताना मराठी जीभ हटकून 'इंद्रिये' म्हणू पाहते. पुढे ज्या गोष्टी ऐकल्या त्यांवरून ही चूक फारशी चूक नव्हे, असे मला वाटू लागले.

कथा अशी सांगतात. १४९० साली या निर्जन दरीत लाकडी पिंपे आणि घंगाळी करणारा एक कारागीर राहत होता. नवे घंगाळ फुगून सांधे घट्ट बसावेत म्हणून त्याने ते रात्रभर झऱ्याखाली ठेवले. सकाळी उचलू गेला तर उचलेना. तळाशी काहीतरी चकचकीत, पाण्यासारखे हलणारे आणि शिशाहून जड असे साठले होते. गडी चतुर. कोणाला न सांगता तो ते घेऊन श्कोफ्या लोका या गावी सोनाराकडे गेला. पुढे गुपित फुटले, जशी गुपिते फुटतात तशी, आणि दरीत खणणाऱ्यांची रीघ लागली. ज्या झऱ्यावर हे घडले म्हणतात, तिथे आज पवित्र त्रिमूर्तीचे लहानसे चर्च उभे आहे. घंगाळवाल्याचे काय झाले ते कथा सांगत नाही. अशा कथांतल्या पहिल्या माणसाला सहसा काही मिळत नाही.

खरे घबाड सापडले ते १५०८ च्या २२ जूनला. त्या दिवशी संत आहात्स याचा सण होता. जमिनीखाली हिंगुळाचा श्रीमंत थर लागला आणि इद्रियाचे नशीब पालटले. २२ जून हा आजही गावाचा सणाचा दिवस आहे. लगेच व्हेनिसच्या फौजा आल्या, काही काळ खाण त्यांच्या हाती गेली, मग पुन्हा हाब्सबुर्गांकडे आली, आणि १५७५ मध्ये खाण पूर्णपणे राजसत्तेच्या मालकीची झाली. एवढी ओढाताण कशासाठी? तर सोन्याचांदीसाठी. मेक्सिकोत सोळाव्या शतकाच्या मध्याला चांदीचे खनिज दळून त्यात पारा कालवून चांदी वेगळी करण्याची रीत निघाली. तेव्हापासून जितकी चांदी हवी तितका पारा हवा, असा हिशेब झाला. अल्मादेनचा पारा पुरेना तेव्हा १७८५ मध्ये ऑस्ट्रियाने स्पेनशी करार केला, आणि इद्रियाचा पारा अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या चांदीच्या खाणींकडे निघाला. त्याआधीही तो व्हेनिसला जात होताच. तिथल्या नामांकित आरशांच्या पाठीला कथिलाबरोबर पारा लागे. घोड्याखेचरांच्या पाठीवरून कातडी पिशव्यांत भरलेला पारा डोंगर उतरे. पुढे लोखंडी बाटल्या आल्या. एका बाटलीत साडेचौतीस किलो पारा, आणि बाटली दिसायला केवढी, तर दुधाच्या मोठ्या चरवीपेक्षाही लहान. एक लिटर पाऱ्याचे वजन साडेतेरा किलोंच्या वर भरते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि मनगटाला कळणे वेगळे.

या पैशावर गाव वाढले. अठराव्या शतकात कार्निओला प्रांतात ल्युब्लियानाच्या खालोखाल इद्रियाचाच क्रम लागे. खाणीचा कारभार पाहण्यासाठी १५२२ ते १५३३ च्या दरम्यान बांधलेला गेवेर्केनेग नावाचा किल्ला आजही टेकाडावर आहे. त्याच्या अंगणाच्या भिंतींवर चित्रे आहेत, आणि आत संग्रहालय आहे. किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा आणि तट येतात. हा किल्ला लढण्यासाठी नव्हताच. ते एक कार्यालय आणि कोठार होते. १७६९ मध्ये गावात नाट्यगृह उभे राहिले. स्लोव्हेनियातली नाट्यगृहाची सर्वांत जुनी इमारत ती. मजुरीचा काही भाग खाणकामगारांना धान्यात मिळे, म्हणून धान्याचे प्रचंड कोठारही बांधले. पोटाला धान्य, मनाला नाटक. मालकाने दोन्हींची सोय केली होती. तिसऱ्या गोष्टीचे काय, ते खाणीत उतरल्यावर कळते.

खाणीचे सगळ्यांत जुने तोंड म्हणजे अंतोनीचा बोगदा. तो १५०० साली खोदायला घेतला. १९९४ पासून तो पाहुण्यांसाठी खुला आहे. जिथे पूर्वी कामगारांची हजेरी होई त्या दालनात आम्हाला बसवले, अंगात डगले आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवले. आमच्या पत्नीने शिरस्त्राण अंबाड्यावर बसवण्यात बराच वेळ घालवला. मग आमची मार्गदर्शक, पंचविशीतली एक हसरी मुलगी, म्हणाली, "इथे आत जाताना एकच शब्द म्हणतात: स्रेच्नो." म्हणजे, सुखरूप असा, नशीब असो. खाणकामगार एकमेकांना 'नमस्कार'ऐवजी हेच म्हणत. सकाळी कामाला जाणाऱ्या माणसाला रोज नशिबाची शुभेच्छा द्यावी लागते, यातच त्या कामाचे वर्णन आले.

आत गारवा होता. लाकडी खांबांचे आधार, पायाखाली ओल, आणि अठराव्या शतकातले एक छोटे प्रार्थनामंदिर, तेही जमिनीखाली. पुढे एका ठिकाणी मुलीने दिवा भिंतीजवळ नेला. काळ्या दगडावर मोहरीएवढे, राईएवढे थेंब चमकत होते. कोणी ठेवलेले नाहीत, तिथेच दगडातून घामासारखे आलेले. बहुतेक खाणींत पारा फक्त हिंगुळाच्या रूपात असतो; इथे तो असा मोकळाही सापडे. लहानपणी फरशीवर पळणारे ते मणी इतक्या वर्षांनी आपल्या घरी, म्हणजे त्यांच्या घरी, भेटले. भाच्याने बोट पुढे केले, तशी मामीने त्याचा हात मागे ओढला.

खाणीत पेर्कमांदेल्त्स नावाचा एक बुटका वेताळ राहतो, असे इथे मानतात. त्याला खुशीत ठेवले तर तो खनिजाची वाट दाखवतो. न ठेवले तर दिवे विझवतो, अवजारे लपवतो. मुलांना तो फार आवडतो. पण खाणीतले खरे भूत दिसत नाही, त्याला वास नाही आणि ते दिवा विझवत नाही. पाऱ्याची वाफ श्वासातून जाते. आधी तोंडाला लाळ सुटते, हिरड्या सुजतात, दात हलतात. मग झोप जाते, स्वभाव चिडका आणि बुजरा होतो. आणि मग हात थरथरू लागतात. प्रथम बोटे, मग मनगट, मग सगळा देह. मघाशी इंद्रियांविषयी म्हणालो ते यासाठी.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पॅरासेल्सस हा प्रसिद्ध वैद्य १५२७ मध्ये इथे येऊन गेला आणि पाऱ्याने जर्जर झालेली माणसे पाहून गेला. श्रमवैद्यकाच्या इतिहासात असे नोंदलेले आहे, की १६६५ साली इद्रियाच्या कामगारांची कामाची पाळी सहा तासांवर आणली गेली. कामगारांच्या आरोग्यासाठी कामाचे तास कमी करण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण मानतात. दया किती आणि कसबी माणूस लवकर निकामी होऊ नये हा हिशेब किती, ते कळायला मार्ग नाही, दोन्ही असावे. १७५४ मध्ये जोव्हान्नी अंतोनिओ स्कोपोली हा तिशीतला डॉक्टर खाणीचा वैद्य म्हणून आला आणि १७६९ पर्यंत राहिला. दिवसा रोगी पाहायचे आणि सवड मिळेल तेव्हा डोंगरात वनस्पती गोळा करायच्या, असा त्याचा क्रम होता. लिनीयसशी त्याचा पत्रव्यवहार होता. १७६१ मध्ये त्याने इद्रियाच्या पाऱ्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात या थरथरीचे लक्षण नीट नोंदवून ठेवले. इथल्या रानातल्या एका झुडपाला त्याच्यावरून 'स्कोपोलिया' नाव पडले, आणि त्या झुडपावरून 'स्कोपोलामिन' या औषधाला. बोट लागू नये म्हणून प्रवासात जे औषध देतात ते हेच. घाट चढताना ज्यांना मळमळते त्यांनी या वैद्याचे आभार मानायला हरकत नाही.

बाहेर आल्यावर मुलीने शिरस्त्राणे परत घेतली. मी सहज विचारले, "तुमच्या घरातले कोणी खाणीत होते?"

"आजोबा." मग थोडे थांबून ती म्हणाली, "ते कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरायचे. मला लहानपणी वाटे, कॉफी अशीच प्यायची असते. मीही तशीच प्यायचे."

"आणि आजी?"

"आजी लेस विणायची. त्याच टेबलापाशी."

मला वाटते, इद्रियाला गेल्याचे सार्थक या दोन वाक्यांत झाले. बाकीचे सगळे मी त्यांच्याभोवती पाहत हिंडलो.

लेस म्हणजे आपल्याकडे परकराला लावतात ती नव्हे. इथे तिला 'चिप्का' म्हणतात. भरीव गोल उशीवर नक्षीचा कागद टाचतात. लाकडी दांड्यांना सूत गुंडाळलेले असते. या दांड्या जोडी-जोडीने वापरायच्या. हालचाली मोजून दोन: एक सूत दुसऱ्यावरून ओलांडायचे, आणि पीळ द्यायचा. बस्स. या दोन हालचालींतून वेली, पाने, जाळ्या उमटतात, मध्ये टाचण्या लागतात आणि दांड्यांचा पावसासारखा टकटक आवाज चालू राहतो. इद्रियातल्या लेसचा लेखी उल्लेख १६९६ पासून मिळतो. खाणकामगाराच्या मजुरीत घर भागत नसे. बाप आजारी पडला की तेही नसे. तेव्हा बायका आणि मुली या उशीपुढे बसत आणि विणलेली लेस व्यापाऱ्याला विकत. १८७६ मध्ये गावात लेसची शाळा निघाली. इवान्का फेर्यांचिच या पहिल्या शिक्षिका. ती शाळा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. मधल्या काळात राज्ये किती बदलली ते पुढे सांगतो. शाळा बंद पडली नाही. स्लोव्हेनियाच्या या लेसविद्येला २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

शाळेजवळच्या एका दुकानात सत्तरीच्या एक बाई उशी घेऊन बसल्या होत्या. आमच्या पत्नीला क्रोशाचे वेड आहे. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. भाचा दुभाष्या म्हणून पुढे सरसावला तर दोघींनी त्याला गप्प केले. बाईंनी दांड्या पत्नीच्या हातात दिल्या, तिची बोटे धरून एकदा ओलांडून, एकदा पिळून दाखवले. चौथ्या खेपेला तिचे चुकले तेव्हा दोघी मोठ्याने हसल्या. मी पाहत होतो ते त्या बाईंचे हात. शिरा उमटलेले, म्हातारे, आणि घड्याळाच्या लंबकासारखे स्थिर. नवरा, बाप, भाऊ यांचे हात काय करीत होते, ते विचारण्याचा धीर मला झाला नाही. या गावातल्या घराघरांत एकाच दिव्याखाली हे दोन प्रकारचे हात होते. उंच, अरुंद, लाकडी छपरांची जुनी कामगारघरे अजून उभी आहेत. एकेका घरात तीन-चार बिऱ्हाडे राहत. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या कुणालाही त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही.

दुपारी भूक लागली. भाचा गाडी लावायला गेला, आम्ही दोघे खाणावळीत शिरलो, आणि तिथे भाषेच्या मास्तराला अनपेक्षित मेजवानी मिळाली. वाढणारी मुलगी आली आणि म्हणाली, "काय बोस्ता?"

मी चपापलो. 'काय' हा शब्द मी स्पष्ट ऐकला होता. मराठी बोलली की काय ही? नंतर भाच्याने उलगडा केला. स्लोव्हेन भाषेत 'काय' म्हणजे काय! आपल्याइतकाच, आपल्यासारखाच. दोन्हींचे मूळ एकाच फार जुन्या घराण्यातल्या ककारी प्रश्नार्थक सर्वनामांत आहे. पण खरी मौज पुढच्या शब्दात होती. भाचा येऊन बसल्यावर तीच मुलगी पुन्हा आली आणि आता म्हणाली, "काय बोस्ते?" 'बोस्ता' म्हणजे तुम्ही दोघे घेणार; 'बोस्ते' म्हणजे तुम्ही सगळे घेणार. संस्कृतातले द्विवचन! आपल्या पूर्वजांनी प्राकृतातच टाकून दिलेले, शाळेत रूपे पाठ करताना ज्याच्या नावाने आम्ही बोटे मोडली ते द्विवचन इथे हॉटेलात जिवंत होते, कोबीच्या सुपाबरोबर वाढले जात होते. युरोपातल्या फार थोड्या भाषांनी ते असे राखले आहे. 'आम्ही दोघे' याला त्यांच्याकडे एकच शब्द: 'मिद्वा'. मी तो पत्नीला ऐकवला. ती म्हणाली, "अहो, आधी काय मागवायचे ते सांगा."

मागवले ते झ्लिक्रोफी. पिठाच्या पातळ पारीत बटाट्याचे सारण भरून, मध्ये दाबून टोपीसारखा आकार दिलेले छोटे कानवले, उकडून काढलेले. गरिबांचा पदार्थ, आता युरोपीय संघाच्या यादीत पारंपरिक म्हणून २०१० पासून नोंदलेला. त्याबरोबर मेंढीच्या मांसाचा रस्सा घेतात. आम्ही लोण्यावर भागवले.

त्यांच्या भाषेत पाऱ्याला म्हणतात 'झिवो स्रेब्रो', म्हणजे जिवंत चांदी. हा 'झिव' आणि आपला 'जीव' सख्खे भाऊ आहेत.

जेवणानंतर नदीकाठाने वर निघालो. पाऱ्याचे खनिज भाजायला लाकूड लागे. खाणीच्या बोगद्यांना टेकू द्यायलाही लाकूड. जवळची राने बघता बघता संपली, आणि दूरच्या डोंगरांतले लाकूड आणायला रस्ता नव्हता. मग नदीलाच कामाला लावले. वरच्या दऱ्यांत बांध घालून पाणी तुंबवायचे, खाली पात्रात ओंडके रचून ठेवायचे आणि बांधाची दारे एकदम उघडायची. पाण्याचा लोंढा सगळे लाकूड घेऊन गावापर्यंत येई. हे बांध आधी लाकडी होते. १७६९ पासून पुढच्या काही वर्षांत योझेफ मराक या इद्रियाच्याच भूमापकाने ते दगडी बांधले. त्यांना 'क्लाव्झे' म्हणतात, आणि आजचे लोक कौतुकाने स्लोव्हेनियाचे पिरॅमिड म्हणतात. फरक इतकाच, की पिरॅमिड मेलेल्यांसाठी होते.

खाणीत साचणारे पाणी उपसण्याचे कामही नदीकडेच होते. काम्श्त नावाच्या दगडी इमारतीत १७९० मध्ये बांधलेले एक लाकडी चाक आहे. व्यास १३.६ मीटर, म्हणजे चार मजली चाळीएवढे. युरोपातले टिकून राहिलेले हे सर्वांत मोठे लाकडी पाणचाक. नदीच्या पाण्याने ते मिनिटाला चार-पाच फेरे घेई आणि २८३ मीटर खोलीवरचे पाणी वर ओढी. १९४८ पर्यंत ते फिरत होते. पाऱ्याची घनता १३.६ आणि चाकाचा व्यासही १३.६, निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडला.

या चाकाला पाणी आणणाऱ्या साडेतीन किलोमीटरच्या कालव्याच्या कडेने आता पायवाट आहे. सावलीतून, नदीच्या सोबतीने, कड्यांच्या पायथ्यापर्यंत ती नेते. तिच्या टोकाशी 'दिव्ये येझेरो' आहे. नाव ऐकून मला वाटले दिव्य सरोवर. पण 'दिव्ये' म्हणजे रानटी. तिन्ही बाजूंनी ताशीव कडे, मध्ये गडद हिरवे, हलत नसलेले पाणी. दिसायला एखाद्या मोठ्या बारवेएवढे. पण हे तळे नव्हे; जमिनीखालून येणाऱ्या नदीचे ते तोंड आहे. पाणबुडे १६० मीटर खाली जाऊन आले, तरी तळ लागला नाही. काही जण परत आलेच नाहीत. मोठा पाऊस झाला की हे शांत पाणी खवळून उसळते. यातून निघणारी येझेर्नित्सा ही नदी देशातली सर्वांत लहान नदी: लांबी ५५ मीटर. उगम आणि संगम एकाच नजरेत दिसतात. संगम अर्थात इद्रियत्सेशी.

आता राज्यांविषयी. समजा, एक बाई १९१० मध्ये या गावात जन्मली आणि आयुष्यभर घर न बदलता इथेच राहिली. जन्मली ती ऑस्ट्रियाच्या सम्राटाची प्रजा म्हणून. १९१५ ते १९१७ या काळात पलीकडच्या सोचा नदीच्या काठी बारा लढाया झाल्या. १९१८ मध्ये इटलीच्या फौजा आल्या आणि १९२० च्या रापाल्लोच्या तहाने गाव इटलीचे झाले. सरहद्द गावापासून थोड्याच अंतरावर पूर्वेला आखली गेली. १९०१ मध्ये इथे स्लोव्हेन भाषेतली पहिली माध्यमिक शाळा निघाली होती. फॅसिस्टांनी ती बंद केली, आणि वर्गात मायबोलीचा शब्द उच्चारणे गुन्हा ठरवले. १९४३ मध्ये इटली शरण गेली, जर्मन आले. त्याच डिसेंबरात शेजारच्या चेर्क्नोच्या अरुंद घळीत फ्रान्या नावाचे गुप्त रुग्णालय उभे राहिले. शत्रूला माग लागू नये म्हणून ओढ्याच्या पाण्यातून चालत जखमींना नेत. १९४७ मध्ये गाव कायदेशीररीत्या युगोस्लाव्हियात गेले, आणि १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. त्या बाईची लेस मात्र एकाच उशीवर चालू. मायबोलीतून शिकण्यासाठी काय सोसावे लागते हे मी वर्गात पुष्कळदा सांगतो. इथल्या एका शाळेच्या बंद दाराने ते अधिक चांगले सांगितले.

या सगळ्या झेंड्यांखाली खाण चालू होती. पाचशे वर्षांत सातशे किलोमीटरहून अधिक बोगदे खणले गेले, तेही या एवढ्याशा गावाच्या पोटात. एक लाख सात हजार टनांहून जास्त पारा निघाला. माणसाने आजवर जगात काढलेल्या पाऱ्याचा सुमारे तेरा टक्के. मग जगाचेच मन पालटले. पारा विष आहे हे जपानमधल्या मिनामाताच्या कोळ्यांच्या दुर्दशेने सर्वांना दिसले, भाव कोसळले, आणि १९७७ मध्ये काम थांबले. १९८३ मध्ये थोडे सुरू झाले. नव्वदीच्या दशकात कायमचे मिटले. खालचे मजले पाण्याने भरू दिले, वरचे काँक्रीटने भरून पक्के केले, नाहीतर गावच खाली बसायचे. २०१२ मध्ये अल्मादेन आणि इद्रिया या दोघांना मिळून युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. गावात आता विजेच्या मोटारींचे भाग करणारे कारखाने आहेत आणि तरुणांना काम आहे. खाणींच्या बाकी कितीतरी गावांत खाण मिटल्यावर फक्त कुत्री उरतात. इथे तसे झाले नाही, हे विशेष.

पण पारा गेला का? भट्ट्यांतून जो निसटला तो मातीत बसला, गाळात बसला. प्रत्येक पुराबरोबर इद्रियत्सा तो थोडा थोडा उचलते, सोचा नदीला देते आणि सोचा तो त्रिएस्तच्या आखातात नेऊन टाकते. शास्त्रज्ञ आजही तिथे तो मोजतात.

संध्याकाळी परत येताना पुलापाशी थांबलो. खाली पाणी इतके स्वच्छ, की तळाचे गोटे मोजावेत. मुले पोहत होती. कमरेपर्यंत पाण्यात उभा असलेला एक गृहस्थ गळ टाकून मासे धरीत होता. इथल्या नद्यांतला संगमरवरी ठिपक्यांचा ट्राउट मासा प्रसिद्ध आहे. आमच्यादेखत त्याला एक लागला. त्याने तो ओल्या हातांनी अलगद सोडवला, क्षणभर पाहिला आणि पुन्हा पाण्यात सोडून दिला.

भाच्याला मी म्हटले, "विचार त्याला, पाऱ्यामुळे का?"

भाच्याने पुलावरून ओरडून विचारले. गृहस्थाने वर पाहिले, हसला आणि काहीतरी लांबलचक बोलला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, या टप्प्यात मासा धरून सोडायचा असा नियम आहे." भाचा थोडा घुटमळला. "आणि म्हणाला, पारा आहेच. पण तो आमचा आहे."

त्याने गळ पुन्हा पाण्यात टाकला. आम्ही गाडीकडे वळलो. गोडोविचचा घाट अंधारापूर्वी चढायचा होता.